‘आयजीआय’ येणार, येणार म्हणता... दबक्या पावलांच्या खेळांची प्रदीर्घ प्रतीक्षा

विशेष प्रतिनिधी

पनवेल : धडाका, पाठलाग आणि गोळ्यांचा पाऊस ही संगणकावरील खेळांची सर्वसाधारण ओळख. मात्र या दुनियेत असाही एक प्रकार आहे, ज्यात गोळी झाडण्याची वेळ येणे हीच खेळाडूची चूक मानली जाते. शत्रूच्या छावणीत शिरायचे, पहारेकऱ्याची पाठ वळेपर्यंत भिंतीआड थांबायचे, नेमून दिलेले काम उरकायचे आणि कोणाला सुगावा लागण्यापूर्वी बाहेर पडायचे. ‘स्टेल्थ ॲक्शन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराने भारतातील एका पिढीला वेड लावले, ते प्रामुख्याने ‘प्रोजेक्ट आयजीआय’ या एका गेमच्या जोरावर. पनवेल, कळंबोली, खारघर या पट्ट्यात आज नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या आणि तिशी-चाळिशीत पोहोचलेल्या अनेकांना डेव्हिड जोन्स हे नाव नव्याने सांगावे लागत नाही.

याच गेमचा पूर्वभाग येणार असल्याची घोषणा २०१९ मध्ये झाली आणि २०२३ मध्ये तो गुंडाळण्यात आला. मधली चार वर्षे चाहत्यांनी वाट पाहण्यात घालवली. गेम बाजारात येण्याआधीच त्याची उत्सुकता विकण्याचे तंत्र गेल्या पंचवीस वर्षांत चांगलेच विकसित झाले असून, आगाऊ नोंदणीच्या रूपाने त्यात ग्राहकाचा पैसाही गुंतू लागला आहे. त्यामुळे स्टेल्थ गेमची वाट पाहताना आपण नेमकी कशाची वाट पाहत असतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

थांबण्याचा खेळ

या प्रकाराचे मूळ शोधत गेल्यास १९८१ पर्यंत मागे जावे लागते. अमेरिकेतील सायलस वॉर्नर यांनी ॲपल टू संगणकासाठी ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ हा गेम तयार केला. नाझींच्या किल्ल्यातून निसटू पाहणारा कैदी हा त्याचा नायक. शत्रूचा गणवेश चढवून पहारेकऱ्यांना चकवण्याची युक्ती त्यात होती. पुढे १९८७ मध्ये जपानमध्ये हिदेओ कोजिमा यांचा ‘मेटल गिअर’ आला. त्यामागची कथा रंजक आहे. ज्या एमएसएक्स-२ संगणकासाठी तो तयार होत होता, त्याला पडद्यावर एकाच वेळी फार शत्रू आणि फार गोळ्या दाखवणे झेपत नव्हते. लढाईचा खेळ करायचा, पण लढाई दाखवता येत नाही, या अडचणीतून नायकाने लढण्याऐवजी लपावे, ही कल्पना पुढे आली. यंत्राच्या मर्यादेने एका नव्या प्रकाराला आकार दिला.

खऱ्या अर्थाने हा प्रकार रुजला तो १९९८ मध्ये. त्या एकाच वर्षात ‘तेंचू’, ‘मेटल गिअर सॉलिड’ आणि ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ हे तीन गेम आले. ‘थीफ’मध्ये खेळाडू किती अंधारात आहे हे दाखवणारा एक खडा पडद्याच्या तळाशी असे. गालिच्यावरून चालल्यास आवाज होत नसे आणि लोखंडी जाळीवर पाऊल पडले की पहारेकरी सावध होत असे. २००२ मधील ‘स्प्लिंटर सेल’ने छाया-प्रकाशाचे हेच गणित अधिक देखणे केले.

या सर्व गेमचा गाभा म्हणजे पहारेकरी. त्याला ठराविक अंतरापर्यंत आणि ठराविक कोनातच दिसते, ठराविक मर्यादेपर्यंतच ऐकू येते. तो आधी निर्धास्त असतो, काही खुट्ट झाले की संशयी होतो आणि खात्री पटली की हाकाटी करतो. खेळाडूला त्याचे हे मन वाचायचे असते. म्हणूनच तो बुद्धिमान असून चालत नाही आणि अगदीच मठ्ठ असूनही चालत नाही. प्रत्येक खोलीत शिरण्याचे दोन-चार मार्ग ठेवायचे, खेळाडू कोणत्या क्षणी काय करील याचा अंदाज बांधायचा आणि ते सारे पुन:पुन्हा तपासून पाहायचे, यात निर्मात्यांचा मोठा वेळ जातो. असे गेम रखडतात, त्याचे एक कारण येथे आहे.

शत्रूच्या गोटात गुपचूप शिरण्याचे कौतुक मराठी माणसाला परदेशी कंपन्यांनी शिकवावे असे नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी पुण्यातील लाल महालात शिरून शाएस्तेखानावर घातलेला छापा म्हणजे अशा मोहिमेचा आदर्शच. वरातीचा बहाणा करून मावळे शहरात शिरल्याचे सांगितले जाते. वेशांतर, पहारा, अंधार, ठरलेली वेळ आणि निसटण्याची वाट, असा सारा ऐवज त्यात तयार आहे. त्यावर जागतिक तोडीचा स्टेल्थ गेम अद्याप झालेला नाही, याची खंत मात्र वाटते.

कॅफेतला जोन्स

‘प्रोजेक्ट आयजीआय’ हा नॉर्वेतील ओस्लो येथील इनरलूप स्टुडिओज या छोट्या संस्थेने तयार केला आणि इडॉस या ब्रिटिश कंपनीने डिसेंबर २००० मध्ये प्रकाशित केला. आयजीआय म्हणजे ‘आय ॲम गोइंग इन’, अर्थात ‘मी आत शिरतोय’. ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या खास पथकातून आलेला डेव्हिड जोन्स एकटा मोहिमेवर निघतो आणि चोरीस गेलेल्या अण्वस्त्राचा माग काढतो, अशी चौदा मोहिमांची ही कथा. अन्या नावाची सहकारी बिनतारी संदेशाद्वारे त्याला सूचना देत राहते.

इनरलूपने यापूर्वी ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’ हा लढाऊ विमानांचा गेम केला होता. त्याच तंत्राचा पाया वापरल्याने ‘आयजीआय’मधील मैदाने त्या काळाच्या मानाने अफाट वाटत. दूरवरच्या टेकडीवर पालथे पडून दुर्बिणीतून छावणी न्याहाळायची, उपग्रहातून दिसणाऱ्या नकाशावर पहारेकऱ्यांच्या जागा टिपायच्या, कुंपणाची तार कापायची, सुरक्षा कॅमेरे बंद करण्यासाठी नियंत्रण कक्षातील संगणक गाठायचा. एवढे करून कुठे चूक झाली आणि भोंगा वाजला, की बराकीतून शिपायांची रीघ लागे. परदेशी समीक्षकांनी याच गोष्टीवर टीका केली. पहारेकऱ्यांची अक्कल बेताची असून, मोहिमेच्या मध्यावर खेळ जतन करण्याची सोयच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. जोन्स शेवटच्या दरवाजाशी मेला, तर सारी मोहीम पहिल्यापासून करावी लागे.

आक्षेप रास्त होता. मात्र भारतीय सायबर कॅफेत याच उणिवेने वेगळे रूप घेतले. तेथे तासाच्या हिशेबाने पैसे मोजावे लागत. मोहीम अर्ध्यावर असताना वेळ संपली, तर एक तर खिशात हात घालायचा किंवा केलेल्या कष्टांवर पाणी सोडायचे. पूर्ण झालेल्या मोहिमांची नोंद त्या-त्या संगणकातच राहत असल्याने, आपण जेथवर पोहोचलो तो कोपऱ्यातला संगणक रिकामा होईपर्यंत ताटकळणारी मुले हे त्या काळातील नेहमीचे दृश्य. खेळणारा एक आणि मागे उभे राहून ‘डावीकडे बघ, वर मनोऱ्यावर आहे’ असे सांगणारे चार. एकट्याने खेळायचा गेम येथे असा चौघांचा झाला. त्यात एकमेकांविरुद्ध खेळण्याची सोय नव्हती, हे आज अनेकांना आठवतही नाही.

गेम जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावरही चालत असे, ही त्याच्या प्रसाराची दुसरी बाजू. प्लेस्टेशन-२ भारतात अधिकृतपणे आले ते २००३ मध्ये, एक्सबॉक्स-३६० सप्टेंबर २००६ मध्ये आणि प्लेस्टेशन-३ एप्रिल २००७ मध्ये. त्यांच्या किमती मध्यमवर्गीय घरांना परवडणाऱ्या नव्हत्या. पनवेलसारख्या उपनगरी गावात गेम म्हणजे संगणक आणि संगणक म्हणजे बहुधा कॅफे, असेच समीकरण होते. नव्या गेमची चाहूल लागे ती ‘डिजिट’सारख्या मासिकासोबत येणाऱ्या सीडीमधील नमुना गेमवरून किंवा लोकलने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारून आलेल्या एखाद्या मित्राकडून.

त्या रस्त्यावरून येणाऱ्या सीडी बहुतांशी अधिकृत नव्हत्या, हे उघड गुपित आहे आणि या कथेत ते महत्त्वाचे आहे. ‘आयजीआय’ भारतात लक्षावधी तास खेळला गेला असेल. पण त्याची नोंद प्रकाशकाच्या वहीत झाली नाही. ज्या देशात गेमवर सर्वाधिक प्रेम केले गेले, तो देश विक्रीच्या आकड्यांत दिसलाच नाही, असे म्हटले तर फारसे वावगे ठरू नये.

२००३ मध्ये ‘आयजीआय-२ : कोव्हर्ट स्ट्राइक’ आला. प्रकाशक आता कोडमास्टर्स ही कंपनी होती. मोहिमा एकोणीस झाल्या, खेळ मोजक्या वेळा जतन करण्याची मुभा मिळाली आणि अनेकांनी मिळून खेळण्याची सोयही आली. त्याच वर्षी इनरलूप बंद पडली आणि जोन्सचा प्रवास तेथेच थांबला. कॅफेही हळूहळू ओसरले. २०११ मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेसाठी नियम लागू केले. ओळखपत्र पाहणे आणि वापराची नोंद वर्षभर जपणे बंधनकारक झाले, कप्प्यांच्या भिंती साडेचार फुटांपेक्षा उंच नसाव्यात असेही ठरले. घरोघरी पोहोचलेल्या इंटरनेटने आणि त्यानंतर मोबाइलने उरलेले काम पूर्ण केले.

चार वर्षांची आशा

फेब्रुवारी २०१९ मध्ये टोडमन इंटरॅक्टिव्ह या स्वीडिश कंपनीने ‘आयजीआय ओरिजिन्स’ची घोषणा केली. १९८०च्या दशकातील शीतयुद्धाच्या पार्श्वभूमीवर घडणारा हा पूर्वभाग, ब्रिटनच्या कॉर्नवॉल भागातील अँटीमॅटर गेम्स या स्टुडिओकडे सोपवण्यात आला. सोळा वर्षांच्या शांततेनंतर आलेल्या या बातमीचे भारतीय उपखंडात उत्साहात स्वागत झाले. आपला गेम परत येतोय, अशी ती भावना होती. कॅफेत ज्यांनी तास मोजून जोन्सला वाचवले, ते आता कमावते झाले होते आणि अधिकृत प्रत विकत घेण्याची त्यांची ऐपत होती. स्टीम या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून भारतीय रुपयांत किमती दिसू लागल्या होत्या. वीस वर्षांपूर्वी चुकलेला हिशेब चुकता होण्याची ही संधी होती.

तसे झाले नाही. २०२१ मध्ये गेम येईल असे सुरुवातीस सांगितले गेले होते. ते वर्ष सरले. मधल्या काळात टोडमनचे रूपांतर एनॅड ग्लोबल सेव्हन या समूहात झाले, समूहाने मोठ्या कंपन्या विकत घेतल्या आणि त्यांच्या पसाऱ्यात ‘ओरिजिन्स’ हा लहानसा प्रकल्प उरला. अधूनमधून एखादी झलक दिसे आणि पुन्हा शांतता पसरे. अखेर २०२३ मध्ये समूहाने खर्च कमी करण्याच्या निर्णयांत अँटीमॅटर गेम्स बंद केला आणि त्याबरोबर गेमही थांबला.

यात कोणा एकाला दोष देणे सोपे नाही. जुन्या नावाची जादू जेथे होती, तेथे पूर्वी पैसा मिळाला नव्हता आणि जेथे पैसा मिळतो त्या पाश्चात्त्य बाजारात ‘आयजीआय’ हे मधल्या फळीतील एक विस्मृत नाव होते. मागणी मात्र खोटी नव्हती. मोबाइलच्या ॲप दुकानात ‘आयजीआय’ ही अक्षरे शीर्षकात मिरवणारे, मूळ निर्मात्यांशी काडीचाही संबंध नसलेले कमांडो गेम ढिगाने सापडतात, ते याच नावाच्या पुण्याईवर.

झलक एक, गेम दुसरा

गेम रद्द होणे हा प्रतीक्षेचा एक शेवट. दुसरा प्रकार अधिक विलक्षण आहे, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरणही स्टेल्थ प्रकारातलेच. ‘मेटल गिअर सॉलिड-२’ची चित्रफीत २००० मध्ये लॉस एंजलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात दाखवण्यात आली. पावसात भिजणारे जहाज, त्यावर उतरणारा सॉलिड स्नेक, गोळीने फुटणाऱ्या बाटल्या. त्या चित्रफितीने प्रदर्शन गाजवले. पुढील वर्षी ‘झोन ऑफ द एंडर्स’ या वेगळ्याच गेमसोबत ‘सॉलिड-२’चा खेळता येणारा नमुना देण्यात आला, तेव्हा अनेकांनी त्या नमुन्यासाठीच तो गेम खरेदी केला. नोव्हेंबर २००१ मध्ये प्रत्यक्ष गेम हाती आला आणि जहाजाचा भाग संपताच स्नेक बाजूला झाला. उरलेला बहुतांश गेम रायडन नावाच्या, तोवर लपवून ठेवलेल्या तरुण नायकासोबत खेळायचा होता. चाहते संतापले. कोजिमा यांनी हे जाणूनबुजून केले होते आणि कालांतराने त्याची गणना या माध्यमातील धाडसी प्रयोगांत होऊ लागली. पैसे मोजणाऱ्याला मात्र त्या दिवशी, जाहिरातीत जे दिसले ते मिळाले नाही, हेही तितकेच खरे.

द्रुतगती मार्गाची दोन टोके

‘ओरिजिन्स’ची कथा कॉर्नवॉलमध्ये घडली म्हणून ती दूरची वाटू शकते. पनवेलजवळून निघणाऱ्या द्रुतगती मार्गाच्या आगेमागे वसलेल्या मुंबई आणि पुणे या दोन शहरांनी जवळपास तशीच कथा अनुभवली आहे. त्यातील गेम काटेकोर अर्थाने स्टेल्थ नव्हे. उड्या, तलवारबाजी आणि कोडी यांवर तो उभा आहे. प्रतीक्षेच्या हिशेबात मात्र महाराष्ट्राशी याहून जवळचे उदाहरण नाही.

फ्रान्सच्या युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ आपल्याकडे घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा स्टुडिओ उघडला. १० सप्टेंबर २०२० रोजी कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सॅण्ड्स ऑफ टाइम’ या २००३ मधील गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती जाहीर केली. ती पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ मिळून करणार होते. एवढ्या मोठ्या नावाचे मुख्य काम भारतीय स्टुडिओकडे येणे ही अभिमानाची बाब होती. २१ जानेवारी २०२१ ही तारीखही ठरली होती.

पहिल्या चित्रफितीवर जगभरातून टीका झाली. चेहरे आणि प्रकाशयोजना जुनाट दिसते, असा सूर होता. तारीख आधी १८ मार्च २०२१ वर गेली, फेब्रुवारी २०२१ मध्ये ती बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये हे काम मूळ गेम करणाऱ्या मॉन्ट्रियल येथील स्टुडिओकडे सोपवण्यात आले. त्याच वर्षी आगाऊ नोंदणी रद्द करून पैसे परत देण्याचे जाहीर झाले. २०२४ मध्ये ‘२०२६ मध्ये येणार’ असा नवा वायदा करण्यात आला. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने फेररचनेत सहा गेम रद्द केले, त्यात हा गेमही होता.

चित्रफितीवर तुटून पडणाऱ्यांत भारतीय प्रेक्षकही मागे नव्हते. दहा-वीस वर्षांच्या अनुभवाने तयार झालेल्या पाश्चात्त्य स्टुडिओच्या कामाशी पहिल्याच मोठ्या प्रयत्नाची तुलना करणे कितपत न्याय्य होते, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. दुसरीकडे, पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा गेम २०२० मध्ये प्रत्यक्ष बाजारात आला आणि नावाजला गेला. त्याच्यामागे बलाढ्य कंपनी नव्हती आणि अपेक्षांचे ओझेही त्या मानाने हलके होते.

पडद्यावरील भारत

एखाद्या स्टेल्थ गेममध्ये भारत दिसणार असे कळले की येथील उत्सुकता दुणावते. कधी तिचे रूपांतर संतापातही होते. डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हने केलेल्या ‘हिटमॅन-२ : सायलेंट असॅसिन’मध्ये (२००२) भारतात घडणाऱ्या मोहिमा होत्या. त्यातील गुरुद्वारातील हिंसाचाराच्या चित्रणावर शीख संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला आणि प्रकाशक इडॉसने बदल करण्याचे मान्य केले. जानेवारी २०१६ मध्ये युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स : इंडिया’ने खेळाडूंना १८४१ मधील शीख साम्राज्यात नेले. बाजूने दिसणाऱ्या पडद्यावर खेळायचा हा छोटेखानी गेम देखणा होता, पण अनेकांना अपेक्षित असलेला भव्य भारत तो नव्हता.

मुंबईकरांना आणि पनवेलकरांनाही जवळचा वाटेल असा प्रयत्न म्हणजे १३ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या ‘हिटमॅन-२’मधील मुंबईची मोहीम. दाटीवाटीची वस्ती, धोब्यांचे आवार, रेल्वेचे यार्ड आणि चित्रपट निर्मात्याचा अर्धवट उभा मनोरा, अशा भूलभुलैयात खेळाडूने एका माफिया म्होरक्याला शोधायचे असते, ज्याचा चेहराच कोणाला ठाऊक नाही. त्याच शहरात आणखी एक मारेकरी फिरत असतो आणि थोडी हुशारी दाखवली तर आपले काम त्याच्याकडून करवून घेता येते. खऱ्या मुंबईशी या नकाशाचा मेळ बसत नाही. पात्रे मराठी किंवा हिंदी न बोलता इंग्रजीच बोलतात. तरीही गर्दीत मिसळून अदृश्य होण्याचे तंत्र या शहरात जसे शोभते, तसे त्या मालिकेतील फार थोड्या शहरांत शोभले आहे. हा गेम युरोपच्या पेगी मानांकनानुसार अठरा वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे, याची पालकांनी नोंद घ्यावी.

आगाऊ पैसे भरताना

आगाऊ नोंदणीची पद्धत सुरू झाली, तेव्हा तिला एक कारण होते. खोक्यातील गेम मोजक्या संख्येने दुकानात येत आणि पहिल्या दिवशी संपत. ऑनलाइन दुकानातील गेम संपत नाही. तरीही नोंदणी घेतली जाते, कारण त्यामुळे कंपनीस मागणीचा अंदाज येतो आणि पैसाही आधी मिळतो. ग्राहकाला बदल्यात एखादा पोशाख, एखादे शस्त्र किंवा दोन-तीन दिवस आधी प्रवेश दिला जातो.

पैसे परत मिळण्याचे नियम प्रत्येक दुकानात वेगळे आहेत. स्टीमवर आगाऊ नोंदवलेला गेम बाजारात येईपर्यंत केव्हाही रद्द करता येतो. गेम आल्यानंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. स्टेल्थ गेमच्या बाबतीत ही दोन तासांची मर्यादा अपुरी ठरते. सुरुवातीच्या प्रशिक्षणातच तेवढा वेळ जातो आणि पहारेकरी खरोखर हुशार आहेत की नाही, हे त्यापुढे कळते. प्लेस्टेशनच्या दुकानात गेम उतरवून घेण्यास सुरुवात केल्यावर, गेममध्ये दोष असल्याखेरीज पैसे परत मिळणे अवघड होते. म्हणूनच आपोआप डाउनलोड होण्याचा पर्याय आधी बंद केलेला बरा. मासिकासोबत मिळणारी नमुन्याची सीडी ग्राहकाला गेम चाखून पाहू देत असे. आता मोठ्या गेमचे नमुने क्वचितच मिळतात आणि त्यांची जागा चित्रफितींनी घेतली आहे. ‘खेळतानाचे प्रत्यक्ष दृश्य’ असे चित्रफितीवर लिहिलेले आहे का, आणि ते कोणत्या यंत्रावरचे आहे, एवढे पाहिले तरी बराच उलगडा होतो.

तारखांबाबत अनुभव असा, की पहिली तारीख क्वचितच टिकते. ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ १५ नोव्हेंबर २०२४ रोजी येणार होता. ती तारीख १४ फेब्रुवारी २०२५ झाली आणि गेम आला २० मार्च २०२५ रोजी. ‘हिटमॅन’च्या निर्मात्यांनी जेम्स बॉण्डवरील गेम नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केला. ‘००७ फर्स्ट लाइट’ या नावाने त्याचे सविस्तर दर्शन घडले ते २०२५ मध्ये. २७ मार्च २०२६ ही आधी दिलेली तारीख पुढे २७ मे २०२६ करण्यात आली. ‘स्प्लिंटर सेल’च्या नव्या आवृत्तीची घोषणा युबिसॉफ्टने डिसेंबर २०२१ मध्ये केली, ती तारखेविनाच.